जप्तीतलं कुत्रं

माणिकराव जिंतूरकरांच्या पोटरीला चावलेलं कुत्रं आपलं नव्हे, याबद्दल झरीकरांच्या दोन्ही चुलींचं एकमत झालं. मागल्या दिवाळीत चुली वेगळ्या झाल्यापासून एकमत होण्याची ही पहिलीच वेळ होती.

"गावचं कुत्रं आहे ते," माधवराव म्हणाले. "बाजारात, मोंढ्यात फिरतं."

"मोंढ्यातलंच," उद्धव म्हणाला. वाटणीनंतर थोरल्या भावाच्या बोलण्याला त्यानं दुजोरा दिलेला नव्हता, त्यामुळं बोलून झाल्यावर तो जरा दचकला.

माणिकराव धोतर गुडघ्यापर्यंत घेऊन ओट्यावर बसले होते. परभणीच्या मुन्सफ कोर्टात त्यांची हयात नाझर म्हणून गेली होती. निजामाच्या राज्यात त्यांनी लोकांची भांडीकुंडी आणि गुरंढोरं जप्त केली. ते राज्य गेल्यावर तेच काम नव्या राज्याच्या नावानं केलं आणि मागल्या वर्षी पेन्शन घेतली. मुलासाठी माधवरावांची हेमा पाहायला ते सकाळच्या गाडीनं एकटेच मानवतला आले होते. पाहणं यथासांग झालं होतं. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, चार पावलं चालून दाखव, चष्मा नाही ना, हे माणिकरावांनी विचारलं. पगार किती, घर स्वतःचं का, गोत्र कोणतं, हे माधवरावांनी विचारलं. पुरणपोळी झाली. विडा तोंडात घालून माणिकराव ओट्यावर आले, त्यांनी काठी पायरीवर खटकन टेकवली, आणि कोपऱ्यातून एक तांबडं कुत्रं सरळ त्यांच्यावर धावून आलं. त्यांनी काठी हाणली. कुत्र्यानं पोटरी धरली.

माधवरावांच्या पत्नी पार्वतीबाई चटणीच्या डब्यातलं लाल तिखट घेऊन आल्या आणि घरच्या उपायाप्रमाणं त्यांनी ते जखमेत भरलं. तोवर माणिकराव शांत होते. कुत्र्याच्या चाव्याचं दुःख त्यांनी सोसलं होतं, उपचाराचं त्यांना सोसलं नाही.

मुंजाजी टांगेवाल्यानं त्यांना दवाखान्यात नेलं. इकडं उद्धव लाठी घेऊन कुत्रं शोधायला निघाला. उद्धव हायस्कुलात गणित शिकवत असे आणि लाठीची त्याला सवय नव्हती, पण कुत्रं मारून टाकल्यावर झरीकरांवर ठपका राहणार नाही असा माधवरावांचा हिशेब होता.

"वैनीला विचारा कुठं असतं ते," उद्धव म्हणाला.

"मला काय माहीत?" पार्वतीबाई म्हणाल्या. "मी का त्याची मालकीण आहे?"

कुत्रं सापडलं नाही. हेमानं ते मागच्या सरपणाच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली होती आणि स्वतः दारात तांदूळ निवडत बसली होती. तिथं बसून तांदूळ निवडायची तिला सवय नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

*

माणिकराव परतले ते पायाला पांढरी पट्टी आणि तोंडाला शब्द नाही, अशा अवस्थेत. शब्द मुंजाजीकडं होते.

"डाक्टर लय चिडले," तो म्हणाला. "साबणानं धुतलं, धुतलं, अन् म्हनले, ह्ये तिखट कोण्या शहाण्यानं भरलं? अन् म्हनले, कुत्र्याला हात लावू नका. बांधून ठिवा धा दिवस. खात-पीत ऱ्हायलं तर काई न्हाई. मेलं न्हाईतर पळालं, तर ह्यास्नी परभनीला जाऊन बेंबीभवती चवदा सुया."

उद्धवनं लाठी हळूच दाराआड ठेवली.

"कुत्रं कुठाय?" माणिकरावांनी विचारलं.

"आहे," हेमा म्हणाली.

मुलगी पाहायला आलेल्या माणसासमोर न विचारता बोलणं, आणि तेही एकाच शब्दात, ही गोष्ट पार्वतीबाईंना कुत्र्याच्या चाव्यापेक्षा गंभीर वाटली. पण माणिकरावांना फक्त उत्तर हवं होतं. ते लंगडत सरपणाच्या खोलीपर्यंत गेले, फटीतून आत पाहिलं आणि परत ओट्यावर येऊन बसले.

"हे जनावर आता जप्त आहे असं समजा," ते म्हणाले. "जप्त जनावराला सुपुर्ददार लागतो. त्याला खाऊ घालायचं, पाणी दाखवायचं, सावलीत ठेवायचं आणि विचारलं की जिवंत हजर करायचं. मालकाच्याच हवाली करायचा रिवाज आहे. मालक कोण?"

माधवराव तहसिलीत कारकून होते. सुपुर्ददाराचं पुढं काय होतं हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

"मालक नाही त्याला," ते म्हणाले. "आम्ही एकावन्न साली झरीहून बदलून आलो तेव्हा बैलगाडीमागं एक पिल्लू आलं. आणलं नाही कुणी. ते आलं."

"सात वर्षं झाली."

"झाली असतील."

"खातं काय?"

मग हेमानंच सांगितलं. रोज वैश्वदेव झाला की आई सोवळ्यात गायीचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास काढते. कुत्र्यानं अंगाला शिवू नये म्हणून हातात काठी ठेवते. पायरीवर काठी आपटते, भाताची मूद ठेवते आणि मागं सरकते. काठी वाजली की कुत्रं येतं. आज पाहुणे जेवायचे म्हणून घास राहिला होता. आणि तुम्ही त्याच पायरीवर काठी आपटली.

माणिकरावांनी काठी उचलून मांडीवर आडवी घेतली.

"म्हणजे मी त्याला जेवायला बोलावलं."

"होय."

"आणि आल्यावर मारलं."

"होय."

"मग ते तुमचंच झालं की, माधवराव."

"असं कसं?" माधवराव म्हणाले. "तो घास धर्माचा. घालणाऱ्याचा आणि खाणाऱ्याचा त्यात काही संबंध येत नाही."

"नाव काय त्याचं?"

"नाव नाही."

"सात वर्षं जेवायलंय आणि नाव नाही?"

"आपण घास घालतो तो नाव न घेताच," पार्वतीबाई आतून म्हणाल्या. हा मुद्दा आपल्या बाजूचा आहे असं त्यांना वाटलं.

"सुपुर्ददार कोण, तेवढं सांगा," माणिकराव म्हणाले.

माधवरावांनी उद्धवकडं पाहिलं. "वाटणीत अंगण तुझ्याकडं गेलंय."

"ओटा तुमच्याकडं आहे, दादा. चावलं ओट्यावर."

"माझ्याकडं द्या," हेमा म्हणाली.

उद्धव आणि मुंजाजी पंच ठरले. कागद केला नाही. कारकुनाच्या घरात कागद केला असता तर सही कुणीच केली नसती, हे नाझरांना ठाऊक होतं. त्यांनी फक्त एक अट घातली.

"दहा दिवस मी इथंच राहतो. माझ्या नोकरीत मेलेल्या बैलाच्या जागी त्याच रंगाचे बैल हजर झालेले मी पाहिलेत. आणि तांबड्या कुत्र्यांना मानवतात तोटा नाही."

*

लग्न ठरायच्या आधीच व्याही मुक्कामाला, हे विमलच्या माहेरी कुणाला सांगून पटलं नसतं. विमल ही उद्धवची बायको. माणिकरावांची खाट तिच्या भागात पडली, कारण थोरल्या चुलीकडं खोली एकच होती. मात्र पाहुणा थोरल्यांचा म्हणून जेवण तिकडून येणार, आणि पाहुण्याला अंघोळीचं पाणी इकडून, असं दोन्ही जावांमध्ये ठरलं. ठरवताना त्या सहा महिन्यांनी एकमेकींशी बोलल्या.

"पुरणपोळी रोज कशी करायची गं?" पार्वतीबाई म्हणाल्या.

"रोज कशाला? कुत्रं चावलेल्या माणसाला पथ्य असतं म्हणा, अक्का."

"कसलं पथ्य?"

"वरणभाताचं."

तेव्हापासून माणिकराव वरणभातावर राहिले आणि कुत्र्याचं खाणं सुधारलं. घरातल्या कुणालाही कुत्र्याविषयी काही वाटत नव्हतं. पण ते मेलं तर माणिकरावांना सुया आणि हेमाला स्थळ नाही, एवढं सगळ्यांना समजत होतं. माधवराव तहसिलीतून आल्यावर चहाच्या आधी विचारू लागले, "खाल्लं का?" पार्वतीबाई समजत, आपल्याविषयी विचारताहेत. तसं नसे.

कुत्र्याला सात वर्षांत पाणी कुणी दिलेलं नव्हतं, ही गोष्टही हेमानंच सांगितली. वैश्वदेवात घास सांगितलाय, पाणी सांगितलेलं नाही. ते मोंढ्यातल्या जनावरांच्या हौदावर जात असावं. हेमानं फुटक्या माठाचं बूड, म्हणजे परळ, अंगणातल्या लिंबाखाली ठेवलं आणि त्यात सकाळ-दुपार पाणी बदललं. बांधायला आधी उद्धवनं दोन हात सुंभ दिला होता. त्यानं गळा काचला, म्हणून तिनं जुन्या लुगड्याचा पट्टा शिवला. ऊन जसं सरके तसा खुंटाही सरकवायला लागे. बेलदारांनी पाल हलवावं तशी ती दर दुपारी खुंटा हलवी. भातात तिखट नको, हे तिनं आईला सांगितलं तेव्हा पार्वतीबाई म्हणाल्या,

"तुला सासरी हे असंच सांगायचंय का?"

"सासरी कुत्रं आहे का?"

"नाही."

"मग नाही सांगणार."

माणिकराव रोज सकाळी पाहणी करत. आधी लांबून, मग खाटेवरून, मग खाली बसून. कोर्टात जप्त गुरांची दावी ते स्वतः पाहत, त्यामुळं जनावराच्या कानामागं बोटं घालणं त्यांना नवं नव्हतं. कानामागं गोचिडांची ओळच निघाली. मग ते रिकामपणी गोचिडं काढू लागले. काढलेलं गोचीड रॉकेलच्या वाटीत टाकून ते म्हणत, "हे हजर." कुत्र्यानं पहिल्यांदा त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकवली तेव्हा त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. कुणी नाही असं त्यांना वाटलं. विमल खिडकीत होती.

मुदत संपायच्या आदल्या दुपारी विमलच्या कानावर दुसरी गोष्ट आली. उद्धवनंच सांगितली.

"येलदरीला धरणाचं काम निघालंय ना, तिकडं खडीची ट्रक जायलीय. क्लीनर भुजंग माझा विद्यार्थी. पोत्यात घालून देतो म्हणून सांगितलंय. वैनीचं म्हणणं, नाझर गेले की लगेच. व्याह्याला चावलेलं कुत्रं लग्नात दारात नको."

"सोडणार कुठं?"

"नदीच्या पलीकडं. पोतं गोल फिरवलं की त्याला दिशा समजत नाही म्हणे."

"आणि पोतं कोण नेणार?"

"मी."

"तुमीच का?"

विमलला कुत्र्याचं प्रेम नव्हतं. पण वाटणीनंतरही आपल्या नवऱ्याला थोरल्या जावेनं कामं का सांगावीत, हा तिचा जुना प्रश्न होता. ती तडक लिंबाखाली गेली. तिथं हेमा होती आणि खाटेवर माणिकराव होते. विमलनं पदर सावरला आणि दोघांच्या मधल्या हवेला उद्देशून सगळं सांगितलं.

हेमानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "काकू, काका नेणार?"

"पोतंसुद्धा आमच्याच घरचं," विमल म्हणाली.

माणिकरावांनी कुत्र्याचा उजवा कान उलटा करून पाहिला. तो कान कालच साफ झालेला होता.

*

शेवटच्या दिवशी सकाळी मुंजाजीनं टांगा दारात लावला. कुत्रं पुढं आणलं गेलं. ते आधीपेक्षा जाड झालं होतं आणि परळातलं पाणी ते सर्वांसमोर मोठा आवाज करत प्यायलं. पिसाळलेलं जनावर पाण्याला भितं हे पार्वतीबाईंनाही माहीत होतं. त्यांनी देवापुढं साखर ठेवली आणि तोंड गोड करायला वाटी बाहेर आणली.

"कुत्रं तंदुरुस्त आहे," माणिकराव म्हणाले. "सुया लागत नाहीत. जप्ती उठली."

"छान झालं," माधवराव म्हणाले. "आता तुम्ही निश्चिंतपणे..."

"आता ते मी परभणीला घेऊन जाऊ म्हणतो."

झरीकरांच्या घरात इतकं सोपं काही कधी घडलं नव्हतं. उद्धवच्या खांद्यावरून पोतं उतरलं, ट्रकची खेप वाचली, आणि व्याही कुत्रं नेतो म्हणजे मुलगी नेणारच, हा अर्थ पार्वतीबाईंनी आतल्या आत लावून टाकला.

"न्या की," माधवराव म्हणाले.

"देणारा कोण?"

"म्हणजे?"

"बेवारशी जनावर मी नेत नाही. उद्या कुणी म्हणेल, नाझरानं कुत्रं पळवलं. मालकानं द्यावं, मी घ्यावं. मालक कोण?"

"मीच की," माधवराव म्हणाले.

"तुमचंच?"

"सात वर्षं आमच्या घरचं अन्न खातंय. झरीहून आमच्या गाडीमागं आलंय. आमचं नाही तर कुणाचं?"

"पंचांनी ऐकलं?"

"ऐकलं," उद्धव म्हणाला.

"आयकलं," मुंजाजी म्हणाला.

"तर मालक माधवराव," माणिकराव म्हणाले. "आणि आता सुपुर्ददारानं हवाली करायचं."

हेमानं दोरी हातात धरलेली होती. तिनं ती पुढं केली नाही.

"मला काही विचारायचंय," ती म्हणाली.

"हेमे," पार्वतीबाई म्हणाल्या.

"विचारू द्या, सुपुर्ददाराला हक्क आहे," माणिकराव म्हणाले आणि टांग्यात चढवलेला पाय खाली घेतला.

"बांधून ठेवणार का मोकळं?"

"दिवसा बांधून. संध्याकाळी मोकळं."

"दोरी केवढी?"

"जरा लांब."

"घरात येऊ देणार?"

"ओसरीपर्यंत."

"काठी?"

माणिकरावांनी काठीकडं पाहिलं. "टेकायला. हाणायला नाही."

"आजारी पडलं तर?"

"परभणीला गुरांचा दवाखाना आहे. दाखवीन."

"दुपारी घरी कोण असतं?"

इथपर्यंत नाझर भरभर उत्तरं देत होते. इथं ते थांबले.

"चिरंजीव कचेरीत. मी जेवण झालं की देवळात पुराणाला जातो. पाच वाजता येतो."

"मग घरी कोण?"

"कुणी नाही. कुलूप असतं."

"आणि ऊन सरकलं की खुंटा कोण सरकवणार?"

माधवराव खांबाला टेकून उभे होते. पगार, घर आणि गोत्र या तीन प्रश्नांपलीकडं जिंतूरकरांच्या घराविषयी काय विचारता येतं, हे त्यांना दहा दिवसांपूर्वी सुचलं नव्हतं. त्या घरात दुपारी कुणी नसतं आणि बाहेरून कुलूप असतं, ही माहिती त्यांना आत्ता मिळाली, तीही कुत्र्याच्या निमित्तानं. त्यांनी पत्नीकडं पाहिलं. पार्वतीबाईंनी साखरेची वाटी हातातच ठेवली होती.

"तसं नाही," माणिकराव म्हणाले. "कुलूप आत्तापर्यंत. पुढं तू आल्यावर घरात कुणी नाही असं कसं होईल?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. पार्वतीबाईंनी साखरेची चिमूट काढलीसुद्धा.

"ते अजून ठरलेलं नाही," हेमा म्हणाली. "तुम्ही कळवणार होतात."

"होय. म्हणजे, चिरंजीवांना विचारायला पाहिजे. रिवाज आहे. घरी जाऊन कळवतो."

"मग कुत्र्याचं मीही कळवते," हेमा म्हणाली.

मुंजाजीनं घोड्याकडं तोंड फिरवलं. पार्वतीबाईंनी चिमूट वाटीत परत टाकली. आता हा गृहस्थ काय करतो इकडं सगळे पाहत राहिले. स्थळ आलं तसं ओट्यावरूनच परत गेलं असं माधवरावांना वाटलं, आणि वाटल्यावर आपल्याला म्हणावं तेवढं वाईट वाटत नाही, हेही त्यांना जाणवलं.

माणिकरावांनी वाकून कुत्र्याचा कान चाचपला. नवीन गोचीड नव्हतं.

"वाट पाहतो," ते म्हणाले आणि टांग्यात बसले. नेहमी दुसऱ्यानं म्हणायचं वाक्य म्हणायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळं ते जरा हळू आलं. टांगा स्टेशनच्या वाटेला लागेपर्यंत ते मागं वळून पाहत होते. कुणाकडं, यावर नंतर दोन्ही चुलींमध्ये मतभेद झाला.

"ट्रक अजून उभी असेल, उद्धव," पार्वतीबाई म्हणाल्या.

"आता कसं नेता येईल, वैनी?" उद्धव म्हणाला. "दादांनी मालक म्हणून सांगितलंय. मी पंच आहे."

"मी द्यायसाठी म्हणालो होतो," माधवराव म्हणाले.

"म्हणालात ना पण."

विमलनं नवऱ्याकडं पाहिलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. आजचं त्याचं बोलणं तिला आवडलं. पोतं उचलून ती आपल्या चुलीकडं गेली.

"परळातलं पाणी संपलंय, बाबा," हेमा म्हणाली आणि हातातली दोरी खुंट्याला गुंडाळून आत निघून गेली.

माधवरावांनी उद्धवकडं पाहिलं. उद्धव विमलच्या मागं गेला होता. पार्वतीबाई देवघरात होत्या. रस्त्यावर कुणी नाही अशी खात्री करून माधवरावांनी तांब्या उचलला आणि परळ भरलं. कुत्रं खुंट्यापाशी बसून त्यांच्याकडं पाहत होतं. त्याला हाक कशी मारायची, हे त्याच्या मालकाला माहीत नव्हतं. नाव नव्हतं, आणि काठी आत राहिली होती.

त्यांनी धोतराला हात पुसले, जरा बाजूला सरकले आणि दुसरं काही सुचेना म्हणून म्हणाले, "या."